काचेतला खडा

माझ्या दारात माझाच कचरा घेऊन उभा राहिलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. रविवारची सकाळ होती. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर साठी केव्हाच ओलांडलेले एक सडसडीत गृहस्थ. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट पँटीत नीट खोचलेला, आणि हातात काळी पिशवी, अंगापासून लांब धरलेली.

"ही पिशवी तुमची."

हा प्रश्न नव्हता. तरी मी म्हणालो, "कचऱ्याची पिशवी कुणाची, हे कसं सांगणार?"

"सांगतो की. ह्यात तुमच्या नावाचं कुरिअरचं पाकीट हाय, तुमच्या चाकणच्या कंपनीच्या कँटीनची कूपनं हायत, आन् फुटलेला गिलास हाय, कागदात न गुंडाळता टाकल्याला. खाली शालनबाईच्या तळहाताला चार टाके पडले आत्ता."

"अरेरे," मी म्हणालो. अरेरे म्हणायला काहीच लागत नाही, म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी तो शब्द फार वापरतो.

त्यांनी पिशवी माझ्या पायपुसण्यावर ठेवली. "रिजेक्ट," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले. लिफ्ट चालू असताना.

ते व्यंकटराव. सी विंगमध्ये एकटेच राहायचे. आणि शालनबाई म्हणजे आमच्या सोसायटीचा कचरा गोळा करणाऱ्या बाई. मारुंजीहून सकाळी सहाला यायच्या. त्यांचं नाव शालन आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधी दोन वर्षं मी त्यांच्या पगाराच्या व्हाउचरवर सही करत होतो. त्यावर 'हाउसकीपिंग' असं लिहिलेलं असायचं.

आमची सोसायटी पुनावळ्यात आहे. तिचं नाव इंग्रजी असून त्याचा अर्थ हिरवी दरी असा होतो. दरी तिथे कधीच नव्हती. हिरवं होतं, तो ऊस होता, आणि तो तोडूनच सोसायटी झाली. मी सेक्रेटरी झालो त्यात माझं कर्तृत्व एवढंच, की वार्षिक सभेत नेमका त्याच वेळी मी फोन घ्यायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा टाळ्या चालू होत्या.

व्यंकटराव मूळचे उदगीरकडचे. तरुणपणी इकडे आले आणि बाटल्यांच्या कारखान्यात लागले. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. समोर पांढऱ्या उजेडाचा पडदा, त्याच्यापुढून सरकत जाणाऱ्या बाटल्या, आणि खुर्चीवर हे. तडा दिसला, बुडबुडा दिसला, काचेत खडा दिसला, की बाटली उचलायची आणि मागच्या घसरगुंडीत टाकायची. ती फुटायची आणि परत भट्टीत जायची. निवृत्तीनंतर पडदा गेला, बाटल्या गेल्या, कारखानाही इथून उठून दुसऱ्या जिल्ह्यात गेला. खुर्चीवरचा माणूस मात्र तसाच राहिला. त्याच्यासमोरून आता आम्ही सरकत होतो.

त्यांना काहीही हातात दिलं तरी ते आधी उजेडात धरायचे. चेअरमनच्या वास्तुशांतीला कुणीतरी काचेचं भारी फुलपात्र दिलं होतं. सगळे 'वा, वा' करत असताना व्यंकटरावांनी ते ट्यूबलाइटखाली फिरवलं आणि म्हणाले, "बुडाला बुडबुडा हाय. गरम पाणी घालू नका." माझ्या बायकोनं त्यांना सरबत दिलं तेव्हा त्यांनी आधी पेला पाहिला, मग सरबत. "ह्या सेटातले दोन टिकतील वहिनी. चार न्हाई टिकायचे." वर्षभरात चार फुटले. पाचवा फुटेल या भीतीनं आम्ही आता स्टीलच्या पेल्यातून पाणी पितो.

शालनबाईंचा हात शिवून झाल्यावर व्यंकटराव कमिटीपुढे आले. मागणी साधी होती: पार्किंगच्या कोपऱ्यात तीन पिंपं ठेवू द्या. पांढरी काच, हिरवी काच, तपकिरी काच. लोकांनी काच तिथे आणून टाकावी, कचऱ्यात नको. पुढचं मी बघतो.

चेअरमन बांधकामाचं साहित्य विकत आणि स्वभावानं सौंदर्यवादी होते. "काका, ते दिसायला कसं दिसेल?"

"पिंपासारखं दिसंल."

"आणि डास?"

"डासं काच खात न्हाईत."

ठराव नामंजूर झाला. तसा तो कायमचा नामंजूरच राहिला असता, पण व्यंकटरावांचा मुलगा जर्मनीत होता. त्यानं कधीतरी वडिलांना एक फोटो पाठवला होता: स्वच्छ रस्ता, कडेला काचेसाठी तीन रंगांचे तीन डबे. व्यंकटरावांना त्या फोटोचं काडीचं कौतुक नव्हतं. ("तिकडं डबे हायत म्हनून इकडं येत न्हाई व्हय रे, असं इचारलं मी त्याला.") मी तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'जर्मनीतील पद्धत.' संध्याकाळपर्यंत एकमत झालं. जी कल्पना उदगीरच्या माणसाकडून येते ती घाण असते; तीच जर्मनीवरून येते तेव्हा व्यवस्था होते. मंजुरीच्या सभेत चेअरमननी भाषण केलं. त्यात जर्मनीचं नाव सहा वेळा आलं आणि व्यंकटरावांचं एकदाही नाही.

पहिल्या आठवड्यात पांढरं पिंप लोणच्याच्या आणि जॅमच्या बरण्यांनी भरलं. हिरवं आणि तपकिरी रिकामं. दर शनिवारी ज्या इमारतीच्या गच्चीवरून गाणी ऐकू येतात, तिथे कुणीच पीत नव्हतं. इतका निर्व्यसनी समाज मी आजवर पाहिला नव्हता. मग पहाटे फिरायला जाणाऱ्यांची संख्या अचानक वाढली. कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून, कुणी जिमच्या बॅगेतून, एकानं तर पूजेच्या साहित्याच्या पिशवीतून बाटल्या आणल्या. चेअरमन उशीच्या अभ्र्यातून घेऊन आले, आणि नेमके व्यंकटराव तिथे स्टुलावर बसलेले.

"चेअरमनसाहेब," ते म्हणाले. आवाज तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत जाईल असा. कारखान्यातल्या मशीनच्या आवाजावर तीस वर्षं बोललेला माणूस. "आत काय होतं त्याच्याशी मला देणंघेणं न्हाई. पर धुवून आणत जावा. मुंग्या लागायल्यात."

त्या दिवसापासून चेअरमननी दारू सोडली, अशी बातमी त्यांच्या पत्नीनं भिशीत सांगितली. तपकिरी पिंप मात्र दर आठवड्याला भरत राहिलं.

व्यंकटरावांचा खरा राग दारूवर नव्हता. तो होता कपबशीवर. बाटलीच्या पिंपात कुणी फुटका कप टाकला, की त्यांचा चेहरा असा व्हायचा जसा आपल्या कुणाचा दुधात माशी दिसल्यावर होतो. ते मला समजावून सांगायचे. "सेक्रेटरीसाहेब, काच भट्टीत वितळती. चिनी माती वितळत न्हाई. तिचा बारीक खडा होऊन बाटलीच्या अंगात बसतो. वरनं कळत बी न्हाई. मंग सोडा भरताना, न्हाईतर कुणी उघडताना, बाटली तिथंच फुटती." आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "एक कप आख्ख्या गाडीची वाट लावतो."

सोसायटीची काच पुरेना तेव्हा ते हॉटेलांकडे वळले. हायवेच्या कडेला आप्पांचं गार्डन हॉटेल होतं. आप्पा जुन्या गावचे. सोसायटीची जमीन त्यांचीच होती, आणि हे ते आम्हाला विसरू देत नसत. "आमच्या उसाव तुमचा पवायचा तलाव हाय," असं हसत हसत सांगायचे. त्यांच्या हॉटेलामागे ओढ्यात बाटल्यांचा ढीग होता. ओढ्याला पाणी होतं ते बाटल्यांखालून.

व्यंकटराव गेले तेव्हा मीही सोबत होतो. आप्पा म्हणाले, "काका, आमी काय जाणूनबुजून टाकीत न्हाई. जागा हाय म्हनून टाकतो."

"म्हशी किती हायत तुमच्या?"

"राहिल्यात दोन. का वं?"

"चरायला कुठं जातात?"

आप्पांनी मागे वळून ओढ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय. थोरलीचा पाय चिरला व्हता गेल्या साली. बसली ती उठलीच न्हाई." आणि लगेच वेटरवर ओरडले, "ए, पानी दे काकांना."

व्यंकटरावांनी ओढ्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. पाणी प्यायले, पेला उजेडात धरला, खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी आप्पांनी हॉटेलामागची एक गुंठाभर जागा पत्र्यानं बंदिस्त करून दिली. तिथे आसपासच्या हॉटेलांची आणि सोसायट्यांची काच साठू लागली. शालनबाई दुपारनंतर तिथे यायच्या. त्यांना आप्पा आणि व्यंकटराव मिळून पगार देत. इतकी वर्षं कचरा उचलणाऱ्या बाईंना आता जाडजूड हातमोजे मिळाले. आमच्या सोसायटीनंही हातमोजे घेण्याचा ठराव केला होता. तो अजून इतिवृत्तात आहे.

मग एक टेम्पोवाला आला. स्वच्छ कपडे, गोड बोलणं. त्याला फुटकी काच नको होती. भारी दारूच्या अख्ख्या बाटल्या हव्या होत्या, लेबलासकट, बुचासकट.

"कशाला?" व्यंकटराव.

"शोसाठी, काका. लोक घरात लावतात."

व्यंकटरावांनी मान हलवली, हातोडी घेतली आणि त्या अख्ख्या बाटल्यांची एकेक मान त्याच्यासमोर उडवायला सुरुवात केली. घाई नाही, राग नाही. चाळीसेक बाटल्या असतील. टेम्पोवाला बघत होता, मी बघत होतो. त्यात पुन्हा काय भरलं जातं आणि ते कोण पितं हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"काका, हे बरं नाही केलंत," शेवटी तो म्हणाला.

"झाडून घ्यायचंय. पाय उचला."

दोन दिवसांनी सकाळी सोसायटीची तिन्ही पिंपं आडवी होती आणि पार्किंगभर काच. ज्यांच्या गाड्यांचे टायर गेले त्यांनी ग्रुपवर व्यंकटरावांबद्दल जे लिहिलं ते मी सेक्रेटरी म्हणून वाचलं आणि माणूस म्हणून पुसलं. पिंपं हलवण्याची मागणी झाली. व्यंकटराव आणि शालनबाई दुपारपर्यंत वाकून काच गोळा करत होते. त्यांच्या बाजूनं गाड्या काढताना लोक हॉर्न वाजवत होते, म्हणजे काहीतरी सहकार्य होतंच. नंतर आप्पांनी त्या टेम्पोवाल्याला हॉटेलात चहाला बोलावलं. काय बोलणं झालं ते कळलं नाही. चहा मात्र त्यानं पुरा प्यायला नाही, असं वेटर सांगतो. टेम्पो पुन्हा पुनावळ्यात दिसला नाही.

वर्षभरात पत्र्यामागचा ढीग इतका झाला, की एक अख्खा ट्रक भरेल. व्यंकटरावांच्या मनात तो थेट आपल्या जुन्या कारखान्यात पाठवायचा होता. भंगारवाल्याच्या हातून नाही. आपल्या नावानं, आपण निवडलेला. हे मी आमच्या कंपनीत सहज बोललो, आणि तिथेच चुकलो. आमच्या कंपनीला समाजसेवेचा विभाग आहे. तिथल्या मॅडमचे डोळे चमकले. ट्रक कंपनी देणार, बॅनर कंपनीचा, हिरवा झेंडा कंपनीच्या साहेबांच्या हातात.

कार्यक्रमाच्या दिवशी मॅडमनी ढीग पाहिला आणि रुमाल नाकाला लावला. "फोटोत हे फार अस्वच्छ दिसेल." त्यांनी तयारी ठेवलीच होती: दोन खोकी कोऱ्या करकरीत बाटल्या, बाजारातून विकत आणलेल्या. काचेचा पुनर्वापर दाखवण्यासाठी नवी काच. साहेबांनी त्यातली एक पिंपात टाकायची आणि कॅमेऱ्याकडे बघायचं, असं ठरलं.

व्यंकटरावांनी त्यातली एक बाटली उचलली आणि उन्हात धरली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतात. बराच वेळ धरून ठेवली. मग न बोलता परत खोक्यात ठेवली. मला त्याचं नवल वाटलं, पण तेवढ्यात साहेबांची गाडी आली.

शालनबाईंना त्या दिवशी नवी साडी दिली होती आणि हातात ओवाळणीचं तबक. 'स्थानिक महिला' म्हणून त्यांनी तीन तास उभं राहायचं होतं. तिकडे मागच्या बाजूनं मजूर फावड्यानं ट्रक भरत होते, आणि त्यांच्याजवळ एकटे व्यंकटराव काच बघत उभे. साहेब म्हणाले, काच हे आपल्या संस्कृतीचं प्रतीक आहे. कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. झेंडा हलला, ट्रक गेला, सगळ्यांना वडापाव मिळाला. कोऱ्या बाटल्या मॅडम परत घेऊन गेल्या. पुढच्या कार्यक्रमाला लागणार होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रक परत आला. भरलेला. बॅनरसकट.

मी त्या दिवशी घरीच होतो. आप्पांनी फोन केला म्हणून पळत गेलो. ड्रायव्हरनं व्यंकटरावांच्या हातात एक कागद दिला होता. त्यांनी तो जवळ धरला, मग लांब धरला, मग तिरका. मग माझ्याकडे न बघता माझ्यापुढे केला. "वाचा."

मी वाचलं. काचेत चिनी मातीचे तुकडे आढळले. माल परत. खाली तपासनिसाची सही.

मी लहानपणी शाळेत मार बसायच्या आधी जसा जमिनीकडे बघायचो तसा बघत होतो.

"कोण हाय तिथं तपासणीला?" व्यंकटरावांनी विचारलं.

"एक मॅडम आहेत. पोरगीच आहे," ड्रायव्हर म्हणाला. "सगळे म्हणत होते, जाऊ दे, एवढ्या मोठ्या कंपनीचा बॅनर आहे गाडीला. ती ऐकेचना. चार ठिकाणी उकरून बघितलं तिनं."

"चार ठिकाणी?"

"हो. वरनं, खालनं, दोन्ही अंगानं."

व्यंकटरावांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसूच होतं. "बरोबर केलं तिनं," ते म्हणाले. "असंच बघायचं असतं."

मग शालनबाई पुढे आल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. "काका, माझंच चुकलं. मी त्या दिवशी तबक धरून उभी राहिले."

"तुझं कसं चुकलं?"

"तुम्हाला कपाचे तुकडे दिसत नाहीत. पाच-सहा महिने झाले. मी मागून वेचत होते. तुम्हाला सांगितलं नाही. त्या दिवशी तेवढं वेचायचं राहिलं."

मग मला ती उन्हात बराच वेळ धरलेली बाटली कळली. त्यांना त्या बाटलीत काहीच दिसलं नव्हतं. दोषही नाही आणि बाटलीही धड नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला, त्यांच्याकडे रोज चहाला जाणाऱ्या माणसाला, जे कळलं नाही ते हाउसकीपिंगला सहा महिन्यांपूर्वी कळलं होतं.

व्यंकटराव आप्पांच्या बाजेवर बसले. कुणाकडेच न बघता बोलू लागले.

"एकदा मी जाऊ दिलं होतं. नवीन लागलो होतो. मालाची घाई होती, साहेब डोक्यावर उभा. बाटल्यांत खडे दिसायलते मला. साहेब म्हणला, बारीक हायत, सोड. सोडले. सोड्याच्या कारखान्यात एक बाई भरायला बसायची, तिच्या हातात फुटली. डोळा गेला तिचा." थांबले. "मी बघायला गेलतो दवाखान्यात. ती मलाच म्हणली, भाऊ, तुमी कोण? मी म्हणलं, कुणी न्हाई. चुकून आलो."

अरेरे हा शब्द त्या दिवशी माझ्या तोंडातून निघाला नाही.

ट्रक रिकामा केला. आप्पांनी ताडपत्र्या अंथरल्या. मी ग्रुपवर आवाहन टाकलं: काच निवडायला माणसं हवी आहेत. शंभरच्या वर अंगठे आले, हात जोडलेली चित्रं आली, एकानं फुलांचा गुच्छ पाठवला. प्रत्यक्ष आले तिघे. त्यातला एक फोटो काढून गेला. चेअरमन आले नाहीत, पण त्यांच्या पत्नी आल्या, आणि भिशीतल्या चौघींना घेऊन रोज येत राहिल्या. आमच्या कंपनीच्या मॅडमनी कळवलं, की या वर्षीचा उपक्रम पूर्ण झाल्याची नोंद झाली आहे.

आठ दिवस लागले. व्यंकटराव मध्ये बाजेवर बसायचे. ज्या तुकड्याबद्दल शंका येईल तो त्यांच्या हातात द्यायचा. ते हातमोजा काढून अंगठ्यानं त्याची कड चाचपायचे, दुसऱ्या तुकड्यावर वाजवायचे आणि सांगायचे, "काच." किंवा, "कप." एकदाही चुकले नाहीत. पहिल्या दिवशी आम्ही त्यांची परीक्षा घेतल्यासारखे तुकडे देत होतो. तिसऱ्या दिवसापासून आम्हीच परीक्षेला बसल्यासारखे झालो. शालनबाईंना ते हळूहळू शिकवत होते: कड कशी लागते, आवाज कुठे बद्द येतो. बाई एकदा विचारून पुन्हा कधी विचारत नसत.

नवव्या दिवशी ट्रक पुन्हा गेला. या वेळी आप्पांचा, विटा वाहायचा. बॅनर नाही, झेंडा नाही, वडापाव आप्पांचे. संध्याकाळी ड्रायव्हरचा फोन आला, माल उतरवून घेतला. व्यंकटरावांनी एकच विचारलं, "किती ठिकाणी बघितलं तिनं?"

"सहा ठिकाणी, काका."

"हां," म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा जेवले.

मी त्यांना आकुर्डीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मोतीबिंदू नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. डोळ्यामागचा पडदा झिजला होता. डॉक्टर तरुण होते आणि वाईट बातमी इंग्रजीत सांगायची त्यांना सवय होती. मी मराठीत सांगितली.

"म्हंजे दुरुस्ती न्हाई," व्यंकटराव म्हणाले.

"नाही."

मला वाटलं, आता तो त्यांचा शब्द येणार, 'रिजेक्ट'. मी त्याच्यासाठी मान खाली घालून तयार होतो. आला नाही. बाहेर पडताना दाराच्या काचेवर त्यांचा हात टेकला, तो त्यांनी कडेनं खालीपर्यंत फिरवला आणि वळून डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, ह्या काचेला खाली तडा हाय. लेकरं येतात इथं. बदलून घ्या."

उदगीरला त्यांची मुलगी होती, तिच्याकडे राहायला जायचं त्यांनी ठरवलं. ती न्यायला येते म्हणाली तर नको म्हणाले. अजून बाहेरचा उजेड दिसतो तोवर एकटा येतो, म्हणाले. मुलानं जर्मनीहून बोलणारं घड्याळ पाठवलं. ते दर तासाला इंग्रजीत वेळ सांगायचं. व्यंकटरावांनी ते शालनबाईंच्या मुलीला देऊन टाकलं. तिचं इंग्रजी तरी सुधारेल, म्हणाले. पत्र्यामागच्या जागेची किल्ली त्यांनी आप्पांसमोर शालनबाईंच्या हातात दिली. आमच्या सोसायटीला पुढं स्वच्छतेचं एक पारितोषिक मिळालं. चेअरमननी ते स्वीकारलं आणि आभाराच्या भाषणात जर्मनीचा उल्लेख केला.

मी त्यांना सोडायला वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर गेलो. सकाळची गाडी होती. पायरी चढताना मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही, दांडा धरला. खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी एक मध्यमवयीन बाई गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनाही उदगीरलाच जायचं होतं. मी खाली खिडकीखाली उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. वर्षभराचं होतं. त्यातलं एकही वाक्य बाहेर येईना, म्हणून पाण्याची बाटली नीट ठेवली का, गोळ्या घेतल्या का, असलं विचारत राहिलो.

गाडीचं इंजिन सुरू झालं. धुराचा एक लोट माझ्या अंगावर आला. व्यंकटराव शेजारच्या बाईंकडे वळले. मशीनच्या आवाजावर बोललेला माणूस, इंजिनाच्या आवाजातही शब्द स्पष्ट ऐकू येत होते.

"ताई, मला दिसत न्हाई नीट. लांबचा पल्ला हाय. बाहेर काय काय दिसायलंय तेवढं सांगत चला."

बाई जरा गोंधळल्या. मग वाकून खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "स्टँड हाय. रसाचं दुकान. एक माणूस उभाय खाली, तुमच्याकडंच बघायलाय." थोडं थांबून म्हणाल्या, "रडायलाय वाटतं."

"न्हाई हो," व्यंकटराव म्हणाले. "धूर गेला असंल डोळ्यात. सेक्रेटरी हाय त्यो."